मेंढीचा कान

१९९४ साली, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, माझ्या वाट्याला सेमिनारचा विषय आला: फ्लूची लस दरवर्षी का बदलावी लागते, आणि सगळ्या फ्लूंवर एकच लस चालेल का? वर्गासमोर वीस मिनिटं बोलायचं. इंग्रजी शाळेमुळे शब्द होते, आवाज नव्हता. ताप आल्याचं सांगून टाळायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

त्या सुट्टीत नेवाशाजवळच्या आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. दोन कळप शेजारी शेजारी. लोकर कातरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते एकमेकांत मिसळले. खुणेसाठी पाठीवर लावलेला रंग लोकरीबरोबर गेलेला. मी बांधावर टिपणं घेऊन बसले होते, समोर एका मेंढीवरून जुंपली.

"माजीच हाय ही," एका कळपाचा मेंढका म्हणाला.

"तुजी? लुगडं बदललं तर बायकू तरी वळखू येती का तुला?" दुसऱ्या कळपाच्या मेंढकीणबाईंनी मेंढीचा कान उलटा केला. त्यावर त्यांच्या कळपाची खूण, दोन खाचा होत्या. "रंग दर साली जातो. कान कुटं जात न्हाई."

मेंढक्यानं मेंढी सोडली. आणि मी, कुणी विचारलं नसताना, बोलले.

"मावशी, फ्लूचंही असंच आहे." विषाणूच्या अंगावर खुंट्या असतात. शरीर खुंटीचं टोक लक्षात ठेवतं, आणि टोक सारखं बदलतं. खालचा दांडा फारसा बदलत नाही.

"मग लस त्यो दांडाच बगायला का शिकवत न्हाई?"

"शरीराला आधी टोकच दिसतं."

"मंजी ह्या बाबावानी!" त्यांनी मेंढक्याकडे बोट केलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "टोक कातरूनच दावा की शरिराला."

मी ते टिपणांच्या कडेला लिहून घेतलं. असं कुणी करून पाहिलंय का, हे पाहायला सुट्टी संपल्यावर ग्रंथालयातली नवी-जुनी नियतकालिकं चाळली. दांड्याला धरणाऱ्या प्रतिपिंडांबद्दल थोडं सापडलं, कातरण्याबद्दल काहीच नाही. आता ताप येऊन चालणार नव्हतं. मला उत्तर हवं होतं.

सेमिनारमध्ये मेंढीपासूनच सुरुवात केली. मुलं हसली. सर हसले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "टोक कातरल्यावर दांडा सरळ उभा राहील? की कोलमडेल?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.