फ्री फॉर ऑल

गोंधळाला इंग्रजीत शब्द फार. मेस, केऑस, पँडेमोनियम. महाडच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते, म्हणजे हे सगळे शब्द माझ्या पोटापाण्याचे. तरी त्यातल्या काहींवर माझा राग आहे. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटतात, रस्ते बंद होतात, आणि आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "आज गावात नुसता केऑस आहे." गणपतीत हायवेवर गाड्या तुंबल्या की हेच तोंड म्हणतं, "काय उत्साह असतो ना लोकांना!" मी एकदा विचारलं, दोन्हीकडे माणसंच, मग शब्द दोन का? तर सगळ्यांना एकदम तपासायच्या वह्या आठवल्या.

माझं माहेर पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याला. वाडीच्या वर डोंगरात एक झरा आहे. त्याचं पाणी दगडी पन्हळीतून पडतं आणि भर मे महिन्यातही आटत नाही. घरोघरी नळ आले, पण एप्रिल लागला की नळातून नुसती हवा येते. मग हंडा-कळशी घेऊन झरा गाठायचा. घाटात दरड आली की अडकलेले ट्रक-ड्रायव्हरही तिथेच अंघोळी उरकतात.

मुंबईच्या एका साहेबांनी झऱ्याच्या अलीकडची जागा घेतली, बंगला बांधला, आणि पायवाटेवर लोखंडी गेट बसवून कुलूप लावलं. सगळ्यात आधी भडकले माझे काका. "वहिवाट हाय ती, आज्या-पणज्यापासनं. पान्यावर काय कोनाची मालकी असते?" मला त्यांचा फार अभिमान वाटला. मीही रजा टाकून गेले.

मारुतीच्या देवळात बैठक भरली. साहेब भला माणूस. स्वतःहून आला, सगळ्यांना नमस्कार केला, पण बोलता बोलता त्याचा तोल गेला. "अहो, पाण्याला ना नाहीच माझी. पण कोणीही येतं, कुठूनही जातं. गुरं काय, ड्रायव्हर काय! इट्स अ फ्री फॉर ऑल!"

माझी काकी बायकांच्या घोळक्यातून उठली. तिचा धाकटा मुलगा मुंबईला मॉलमध्ये कामाला; शिमग्याला येताना सेलच्या पिशव्या घेऊन येतो. फ्री म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"बराबर बोललात सायेब," ती म्हणाली. "फ्री फॉर ऑल. आमी तरी दुसरं काय सांगतोय?"

"नो, नो, तसं नाही—"

"आता नो नको. तुमच्याच तोंडचं हाय."

देऊळभर हशा पिकला. आपण काय म्हणालो आणि कबूल काय झालं, हे साहेबांना शेवटपर्यंत समजावता आलं नाही. पोरं तर त्याच संध्याकाळपासून गेटशी जाऊन "फ्री फॉर ऑल" ओरडायला लागली. पंधरवड्यात कुलूप गेलं, मग गेटही गेलं.

घरी मी काकीला खरा अर्थ सांगितला. म्हटलं, फ्री फॉर ऑल म्हणजे बेबंदशाही. कुणाचा कुणाला धरबंध नाही, कुणीही घुसावं, कुणीही कुणाला हाणावं. ती भाकरी थापत होती. "फ्रीला फ्री नि ऑलला ऑल. त्यात मारामारी कुठनं आली? तुज्या डिक्शनरीत काय तरी खोट हाय गो." दुसऱ्या आठवड्यात ती महाडला आली आणि पेंटरकडून पत्र्यावर तेच तीन शब्द मराठी अक्षरांत रंगवून घेऊन गेली. पाटी काकांनी स्वतः पन्हळीशेजारच्या उंबराला ठोकली.

आता जे सांगायचं ते. आमच्या वाडीखाली आणखी एक वाडी आहे. देवळातल्या बैठकीला तिथलं कुणी नव्हतं, बोलावलंच नव्हतं. तिथल्या बायका आमचं सगळ्यांचं पाणी भरून झालं की दुपारच्या उन्हात येतात. तसं त्यांना कुणी सांगितलेलं नाही, असं आमच्याकडे सगळे सांगतात. ही सबब लहानपणापासून ऐकत आले आणि दरवेळी मला चीड आली. बोलले मात्र कधी नव्हते.

मे महिन्याच्या सुट्टीत एका सकाळी मी काकीबरोबर पाण्याला गेले. काका बैलांना पाणी पाजत होते. खालच्या वाडीतली एक बाई चढण चढून आली, पाटीसमोर थांबली, एकेक शब्द सुटा करून मोठ्याने वाचला, आणि काकीच्या हंड्यामागे आपला हंडा ठेवला.

काका म्हणाले, "तुमची येळ दुपारची ना गो?"

"पाटीवर दुपार नाय लिवलेली," ती म्हणाली. "ऑल लिवलंय."

"ते ड्रायव्हर-बिवरांसाठी. वाटेच्या मानसांसाठी."

"ऑल म्हंजे ऑल."

काका माझ्याकडे वळले. "तू इंग्रजीची मास्तरीन. सांग हिला काय ते."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. वडील गेल्यावर काकांनी मला शिकवलं. माझं लग्न त्यांच्या अंगणात लागलं. त्यांच्यासमोर मान वर करून मी कधी बोलले नव्हते, आणि आज बोलले तर ह्या घरात पुन्हा कुठल्या तोंडाने यायचं, हेही मनात येऊन गेलं.

"तिचं बरोबर आहे, काका," मी म्हटलं. "ऑलमधून कुणाला वगळता येत नाही. वगळलं की तो ऑल राहत नाही."

काकीचा हंडा भरला होता. तो तिने उचलला आणि चुंबळीवर ठेवला. बाईने वाट पाहिली नाही. रिकाम्या झालेल्या धारेखाली आपला हंडा सरकवला.

काकांचा आवाज चढला. "म्हंजे आता कोनीबी येल, कदीबी येल, कुठंबी हंडा लावंल? ह्ये काय चाललंय?"

"फ्री फॉर ऑल," मी म्हटलं. "गेटवाले साहेब अगदी हेच म्हणाले होते, काका."

काका बैलाच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. बाईने भरलेला हंडा बाजूला घेतला आणि कळशी लावली.