दत्ताचे खांदे

शिरूरच्या पेठेत पेंटर आप्पांइतका भांडखोर माणूस दुसरा नव्हता. पाटी रंगवताना गिऱ्हाईक 'जरा उरका' म्हणालं, की ते ब्रश डब्यात टाकायचे. "घाई आसंल तर खडूनं लिव्हा!" माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान शेजारीच, म्हणून ही करमणूक मला फुकट.

गेलेल्या माणसाची तसबीर रंगवायची असली, की मात्र चप्पल बाहेर, रेडिओ बंद, तोंडही बंद. मी एकदा चिडवलं, "आप्पा, पूजा चाललीय काय?"

"व्हय," ते म्हणाले. "गेलेल्याच्या म्होरं काय बडबडायचं?"

कारगिलची लढाई चालू होती. आप्पांचा मुलगा दत्ता फौजेत, तिकडंच होता आणि महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. तशात केंदूरचे एक शेतकरी आले. त्यांचा मुलगा लढाईत कामी आला होता. हातात त्याचा चौकड्याच्या शर्टातला फोटो.

"वर्दीत काढा, आप्पा. सुट्टीला साध्या कपड्यांतच यायचा. त्येच्या आईनं वर्दीत कवा बघितलाच न्हाई."

वर्दी बघून काढायला आप्पांकडे एकच फोटो होता, दत्ताचा. आप्पांच्या बायकोनं, काकूंनी, तो पदराखाली धरला. "जित्या लेकराच्या धडावर गेलेल्याचं तोंड? मी न्हाई द्यायची."

खोटं कशाला बोलू, मीही काकूंच्याच बाजूचा. म्हटलं, "कशाला विषाची परीक्षा घेताय? दुसरा फोटो शोधू."

आप्पांनी दोन दिवस दुसऱ्या पाट्या रंगवल्या. मग काकूंना एवढंच म्हणाले, "त्या माऊलीला काय सांगू? माझ्या पोराला जपायचंय म्हनून तुज्याला वर्दी देत न्हाई?"

काकूंनी फोटो दिला आणि आत जाऊन रडल्या.

खांदे दत्ताचे, चेहरा त्या पोराचा. छातीवरच्या नावाच्या पट्टीशी मात्र आप्पांचा हात थांबला. जन्मभर नावं लिहिलेला माणूस, पण तेवढ्या चार अक्षरांना त्यांना अख्खी दुपार लागली. ब्रश धुताना मला म्हणाले, "एकाला शांती मागितली, एकाला आयुष्य. लई झालं का रं?"



दिवाळीनंतर दत्ता सुट्टीवर आला. काकूंनीच पत्रातून बजावलं होतं, वर्दीत ये आणि आधी केंदूरला जा. आप्पा आणि मी त्याला स्टँडवरूनच घेऊन गेलो. त्या माऊलीनं तसबिरीकडं बघितलं, दत्ताकडं बघितलं. मग त्याच्या खांद्यांवरून सावकाश हात फिरवला.

"आसा दिसत व्हता व्हय माझा," ती म्हणाली.

आम्ही बसायला लागलो, तर तिनं दत्ताला बसूच दिलं नाही.

"चहा मागनं कवाबी पी. तुजी आई वाट बघत आसंल. जा बाबा, आदी तिला तोंड दाखव."