गमपेस्टची डावी चप्पल

केकवर पांघरलेला साखरेचा फाँडंट मऊ राहतो, पण सजावटीच्या वस्तू घडवायची गमपेस्ट वाळली की कपबशीसारखी कडक होते. म्हणून नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पंच्याहत्तरीच्या केकसाठी त्यांच्या चपला मी आठ दिवस आधीच करून ठेवल्या होत्या. नाना तेवढे थांबले नाहीत.

आज तेरावं आटोपल्यावर डबा उघडला. चपला जशाच्या तशा होत्या. मला अजून रडू आलेलं नाही. कुणाच्याही लेकीच्या पाठवणीला हुंदके देणारी मी, नाना गेले तर येणाऱ्यांना चहात साखर किती, हेच विचारत फिरले.

आई मागे येऊन उभी राहिली. "डावी चुकली गं. त्यांची अंगठ्याशी झिजलेली असायची."

"वाळलीय आता. दाबली तर तुटेल."

"मग नवी कर. बसूनच तर आहेस."

मी गोळा मळला, चप्पल कापली आणि अंगठ्याच्या जागी बोटाने हलकेच दाबलं.

"अजून," आई म्हणाली. मी दाबलं.

"अजून थोडं."

तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा तिने मान डोलावली. डोळ्यांना पदर लावून आत गेली.

मी चप्पल वाळत ठेवली. कडक व्हायला तिला चार दिवस लागतील.