पायरीवरचं तरट

ही गोष्ट मी आईला सांगितलेली नाही. कॉलेजातल्या मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? — बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कारण फारसं शोभणारं नाही, पण खरं आहे.

सुरुवात एका न्हाणीघरापासून करावी लागेल.

मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. वडील हिंगण्याच्या एका कारखान्यात आहेत. पाचपावलीत आमच्या दोन खोल्या, आणि मागच्या अंगणाला चार घरांची दारं. त्यांतलं एक दार यमुनामावशीचं. ती नात्याने मावशी नाही. पण मी पाळण्यात होतो तेव्हापासून ती मला ‘बाबू’ म्हणते. ती धरमपेठेत एका बंगल्यावर धुणीभांडी करायची. बंगल्याच्या मालकीण निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत.

बाईंचे गुडघे दुखत. त्या एकदा महिनाभर बाहेरगावी निसर्गोपचाराला राहून आल्या. तिथे त्यांना रोज कडुलिंबाचा पाला टाकलेल्या कोमट पाण्यात बसवत. खोली शांत, थंड, उजेड वरून येणारा. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिथे गाढ झोप लागली, असं त्या सांगत. परत आल्यावर त्यांच्या मनाने घेतलं की आपल्या घरीच तशी जागा करायची. मावशीने लगेच सांगून टाकलं — आमच्या वस्तीतला पोरगा घरांचे नकाशे काढायच्या कॉलेजात शिकते.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. मला काय येत होतं? स्केल धरता येत होती, एवढंच. पण बाईंनी मला खुर्चीत बसवलं, चहा दिला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “मला देवघरासारखी न्हाणी हवी आहे. आत गेलं की मन खाली बसलं पाहिजे.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. त्या कामाइतकं मन लावून मी आजवर काही केलेलं नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर पुढचं तुम्हाला निष्काळजीपणा वाटेल. तो निष्काळजीपणा नव्हता.

मागच्या बाजूची कोठीची खोली आणि जुनी मोरी एक केली. मधोमध जमिनीत उतरलेला हौद काढला, दोन पायऱ्यांचा. बाई पाण्यात बसल्या की त्यांचे डोळे किती उंचीवर येतील हे पाहण्यासाठी मी खणलेल्या खड्ड्यात बसलो आणि मिस्त्रीकडून समोरच्या भिंतीवर खडूची खूण करून घेतली. त्या खुणेवर बुटकी खिडकी ठेवली, म्हणजे बाहेरचा चाफा दिसावा. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी. उत्तरेला उंचावर दुधी काचेचा झरोका. पाणी तापवायचा तांब्याचा बंब भिंतीपलीकडे, मागच्या पडवीत — म्हणजे धूर आत नाही, आवाज आत नाही. भिंतीतून नळी काढून गरम पाणी हौदात सोडलं. बसून पायांना पाणी घेता यावं म्हणून एक दगडी ओटा. आणि जमीन मोझॅकची, पांढऱ्यात किंचित हिरवी छटा असलेली.

त्या जमिनीची घोटाई मी तीनदा करून घेतली. कॉलेजच्या लायब्ररीत एका मासिकात मी तसं चित्र पाहिलं होतं. मला झरोका त्या गुळगुळीत जमिनीत आरशात दिसावा तसा उतरलेला दिसायला हवा होता. आणि तो दिसला. मिस्त्री म्हणाला, निदान पायऱ्या खरबरीत ठेवू. मी नको म्हटलं.

आता विचार करतो — मी तोवर आयुष्यात एकदाही बंद न्हाणीघरात आंघोळ केलेली नव्हती. आमच्याकडे अंगणात छिन्नीने टाकी मारून खरबरीत केलेला एक दगड आहे. त्यावर पाय घसरणं शक्यच नाही. त्यामुळे ओली जमीन घसरते, तेलकट पाय लागला तर आणखीच घसरते, हे मला पुस्तकातून कळायला हवं होतं. आणि पुस्तकात ते नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. कारण मावशीने मला सांगितलं होतं. काम संपल्यावर ती आत गेली, पायरीवर अंगठा घासून पाहिला आणि म्हणाली, “बाप्पा, इथं पाय टिकत नाही रे बाबू. आपल्या आंगनातला गोटा काहून नाही बसवत?”

आपल्या अंगणातला गोटा, धरमपेठेत! मी हसलो. मिस्त्रीसमोर हसलो.

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने गव्हाच्या बोऱ्याचं तरट धुऊन, दुहेरी शिवून पायरीवर टाकलं. पुढे तिचा रोजचा क्रम ठरला. सकाळी तरट धुवायचं, बंगल्याच्या बाजूच्या बोळातल्या तारेवर वाळत घालायचं, दुपारी घरी जाण्याआधी पायरीवर नीट पसरायचं. संध्याकाळी पुन्हा यायचं, बाईंच्या पायांना खोलीतच तिळाचं तेल चोळायचं आणि मागे बंबाकडे जायचं. बाई एकट्या न्हाणीघरात जात. तिथे त्यांना कुणी नको असे. मावशी भिंतीपलीकडून गरम पाणी सोडे आणि बाई आतून ‘पुरे’ म्हणत. एवढंच बोलणं. बाईंना झोप लागू लागली होती. त्या मला म्हणाल्या की ही खोली झाल्यापासून संध्याकाळची वाट पाहावीशी वाटते.

मला ते तरट आवडत नव्हतं. त्यावर अजून धान्याच्या व्यापाऱ्याचा अर्धा शिक्का दिसत होता.

सहा-सात आठवड्यांनी कॉलेजातले एक सर ती खोली पाहायला तयार झाले. दुसऱ्या वर्षाच्या मुलाचं काम पाहायला सर येतात, हे केवढं होतं ते तुम्हाला कसं सांगू? दुपारी तीनला आम्ही गेलो. मावशी तरट टाकून घरी गेलेली. बाई आपल्या खोलीत पडल्या होत्या. आतूनच म्हणाल्या, दाखव हो, निवांत दाखव. सर व्हरांड्यात बुटांच्या नाड्या सोडत होते. मी पुढे गेलो, पायरीवरचं तरट उचललं आणि बाजूच्या बोळातल्या तारेवर टाकलं.

सर आले. हौदाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले की उजेडाची समज शिकवता येत नाही, ती असावी लागते. जमिनीत झरोका दिसत होता. सरांनी वाकून तो पाहिला. मी त्यांच्यासोबत बाहेर पडलो, फाटकापर्यंत गेलो, तिथून सायकलवर घरी.

तरट तारेवरच राहिलं.

मी विसरलो का? हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. फाटकाशी मला ते आठवलं होतं. एकदा स्पष्ट आठवलं. पण सर बोलत होते, आणि त्यांना थांबा म्हणून आत जाऊन गोणपाट पसरून यायचं — मला लाज वाटली. वाटलं, संध्याकाळी मावशी येईलच, पाहील. ती आत जात नाही, सरळ बंबाकडे जाते, हे मला ठाऊक होतं. आराखडा माझाच होता.

त्या संध्याकाळी बाई पहिल्या पायरीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

चार दिवसांनी मला बोलावणं आलं. बाईंचे चिरंजीव भिलाईहून आले होते. बाजूच्या बोळात उभे होते, आणि समोर मावशी. तरट अजून तारेवरच होतं. कुणी काढलं नव्हतं. मावशी म्हणत होती, मी टाकलं होतं, रोजच्यासारखंच टाकलं होतं. तो माणूस ओरडत नव्हता. त्याला फक्त काय झालं ते नीट जाणून घ्यायचं होतं. त्याने मला विचारलं, “तुम्ही सरांना घेऊन तीन वाजता आला होतात ना? तेव्हा पायरीवर तरट होतं का?”

प्रश्न असा सोपा होता. उत्तरही सोपं होतं.

मी म्हटलं, “नव्हतं.”

सर आत आले तेव्हा ते खरंच नव्हतं. मी त्या फटीत उभा राहिलो. मला वाटलं होतं की उत्तर देताना आवाज कापेल. नाही कापला.

मावशी माझ्याकडे पाहत राहिली. चिरंजीव तिला म्हणाले, हा मुलगा तुमच्याच वस्तीतला, तुमच्याच ओळखीने इथे आलेला. तो तुमच्याविरुद्ध कशाला खोटं बोलेल? मी त्या घटकेला बोलू शकत होतो. एवढा वेळ होता. मावशीच बोलली. तिने मान हलवली आणि हळूच म्हणाली, “थो खोटं नाही बोलत साहेब. शिकून राहिला थो. मीच विसरली असंन.”

तिला त्या दिवसापासून कामावरून काढलं. बाईंनी पलंगावरून तिला ठेवा म्हणून सांगितलं होतं, असं मला नंतर कळलं. पण आईला अशा विसराळू बाईच्या भरवशावर कसं ठेवू, असं मुलाने म्हटल्यावर त्यांनी आग्रह सोडला. नऊ वर्षं ती तिथे होती. बाई तीन महिने अंथरुणावर होत्या, मग काठी घेऊन चालू लागल्या. न्हाणीघरात पुन्हा गेल्या नाहीत. हौदावर फळ्या टाकून तिथे जुन्या ट्रंका ठेवल्या आहेत. माझी त्या खोलीची ड्रॉइंग्ज मात्र कॉलेजच्या फलकावर वर्षभर होती.

तुम्ही म्हणाल, काम गेलं, दुसरं मिळालं असेल. मिळालं. दोन महिन्यांत तिने दोन नवी घरं धरली. ते नाही मी सांगत.

मी त्या दिवशी तिचं काम घेतलं, एवढंच मला वाटत होतं. खरं काय घेतलं ते कळायला काही महिने लागले. तिने विश्वास ठेवला होता — माझ्यावर, आणि त्यामुळे स्वतःवर नाही. तिला तो दिवस आठवत होता. तरट पसरल्याचं, कोपरे दाबल्याचं आठवत होतं. पण मी नव्हतं म्हणालो म्हणजे नव्हतं. मग आपल्याला आठवतं ते काय आहे? आईजवळ बसून ती हे बोलायची. म्हणायची, माझ्या डोस्क्यानं मले फसवलं वं, त्या म्हातारीचं हाड माझ्यापायी मोडलं. आई तिला समजवायची. मी आतल्या खोलीत ड्रॉइंग बोर्डावर वाकलेलो असायचो. मधे फक्त एक पडदा.

तिने पुष्कळदा बाईंना भेटायला जायचं ठरवलं. एकदा चौकापर्यंत जाऊन परत आली. तोंड कोणतं दाखवू, म्हणाली.

मी पडदा बाजूला केला नाही. त्यानंतरचं पहिलं वर्षभर माझी शिष्यवृत्ती जाईल, सर काय म्हणतील, अशी भीती होती. नंतर ती भीती राहिली नाही, तरी केला नाही. आता तर काहीच भीती नाही.

मावशीला आता एक सवय लागली आहे. कामाला निघताना दार लावते, कुलूप ओढून पाहते, चार पावलं जाते, परत येते. स्टो विझवला का, नळ बंद केला का, पुन्हा आत जाते. पुन्हा कुलूप. स्वतःच्या हातांनी केलेलं तिला पटत नाही, दुसऱ्या कुणी पाहिलेलं लागतं. आणि अंगणात त्या वेळेला बहुधा मीच असतो, दात घासत किंवा सायकल पुसत. मग ती मला हाक मारते. आईला नाही, दुसऱ्या शेजारणींना नाही. एकदा मी विचारलं, मलाच का. ती म्हणाली, “तू पाह्यलं म्हंजे पक्कं असते.”

आज सकाळीही तिने हाक मारली. मी आत गेलो. स्टो विझलेला होता, हात लावून पाहिला. बाहेर येऊन तिला तसं सांगितलं. तिने कुलूप लावलं आणि मागे न पाहता कामाला गेली.