मिसेस हार्टचं मधलं नाव

"हा विल्यम कोण?" चार्टवर बोट ठेवून मिसेस हार्टनी विचारलं.

"तुमचे वडील," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, कार्डिगनला पुसला, परत लावला. "माझ्या वडिलांचं नाव अर्नेस्ट. बस चालवायचे. तू चहात साखर घेतेस ना?"

साखर मी घेत नाही. त्या दिवशी दोन चमचे घेतली.

चार्ट सुरेख झाला होता, हे मी आजही सांगेन. टेबलभर पसरेल एवढा, रंगीत, वर लॅमिनेशन. सगळ्यात वर अठराव्या शतकातला सर्व्हेयर, सगळ्यात खाली मिसेस हार्ट, आणि मध्ये एकामागून एक पुरुष, कवायतीला उभे केल्यासारखे. त्यातला एकही त्यांचा नव्हता.

दोन हजारच्या दशकाची सुरुवात. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलची माझी आयटीतली नोकरी डॉटकॉमच्या पडझडीत गेली होती. वॉटफर्डला घराजवळ, ड्रायक्लीनरच्या दुकानावर, फॅमिली हिस्टरी शोधून देणारं एक छोटं ऑफिस होतं. डेटाबेस लावायला म्हणून त्यांनी मला घेतलं. पुढे माझा बॉस ग्रॅहम म्हणाला, सू, एखादी सोपी केस करून बघ. (सुनंदाची सू होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती.) ती सोपी केस म्हणजे मिसेस मॉड डब्ल्यू. हार्ट.

त्यांची आई आयुष्यभर सांगायची, आपण 'मॅप मॅन'च्या वंशातले. एके काळी युरोपात बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांच्या हॅट्सची फॅशन होती. त्या कातड्यांसाठी कंपन्या कॅनडात माणसं पाठवायच्या, आणि नद्या मोजायला, नकाशे काढायला सर्व्हेयर. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथली बरीच माणसं या कामावर जायची. त्यातलाच हा एक. घरात मात्र मिसेस हार्टच्या आईला सगळे हसायचे. बस ड्रायव्हरच्या बायकोचा कसला आलाय मॅप मॅन?

आता मिसेस हार्टची नात केली हिला बाळ होणार होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं होतं, "खरं असेल तर केलीला सांगेन. खोटं असेल तर माझ्याबरोबर संपू दे. लेकराच्या गळ्यात उगाच काही बांधायला नको."

आमच्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे जिवंत माणसापासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. आधी जन्माचा दाखला, मग पुढचं सगळं. दाखला मी मागवला होता, पण तो पोस्टाने यायचा होता आणि मला घाई होती. शिवाय नाव समोर होतंच. मॉड डब्ल्यू., माहेरचं रिडली. गोष्ट आईकडची होती हे ध्यानातही न घेता मी डब्ल्यू थेट वडिलांच्या रकान्यात टाकला. डब्ल्यू रिडली शोधला, तर विल्यम रिडली सापडला. त्याचे पूर्वज चक्क ऑर्कनीचे. यापेक्षा आणखी काय हवं?

इंग्लंडमध्ये मधलं नाव बापाचं नसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या मुलाच्या वर्गात तिघांचं मधलं नाव जेम्स होतं, आणि एकाच्याही बापाचं नाव जेम्स नव्हतं. पण शाळेच्या हजेरीपासून व्हिसाच्या फॉर्मपर्यंत जन्मभर हाताला एकच वळण लागलेलं. आधी वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं. माझं तर लग्नात पहिलं नावही बदललं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून. आमच्याकडे मधल्या जागेत बाई कधी बसलेलीच नाही. घरी हे सांगितलं तर नवरा पोट धरून हसला. म्हणाला, "बरं झालं, त्यांना 'रेशनकार्ड आणा' नाही म्हणालीस."

तर चहा झाला. मी चार्टची गुंडाळी करत होते, आणि लॅमिनेशन गुंडाळत नाही हे मला कळत होतं. विचारलं, "मग डब्ल्यू कशाचा?"

मिसेस हार्ट जरा लाजल्या. "वापन," त्या म्हणाल्या. "लंडनमध्ये वॉपिंग नावाचं स्टेशन आहे ना, शाळेत मुली मला वॉपिंग स्टेशन म्हणायच्या. तेव्हापासून मी नुसता डब्ल्यू लिहिते."

"हे कोणाचं नाव?"

"माझ्या आईचं मधलं नाव. तिच्या आईचंही. थोरल्या मुलीला द्यायचं. का, ते कोणाला माहीत नाही. मी माझ्या मुलीला दिलं, तिनं केलीला. केलीला मुलगी होणार आहे, आणि ती म्हणते आता बास." कप गोळा करत म्हणाल्या, "तिचं तरी काय चुकतं? कारणच माहीत नाही, तर कशासाठी द्यायचं?"

म्हणजे गळ्यात बांधायला नको म्हणत होत्या ते हे.

बायकांच्या बाजूने मागे जाणं अवघड. दर लग्नात आडनाव बदलतं आणि माणूस हातून निसटतं. इथे मात्र बायकांनीच खूण ठेवलेली होती. लग्नाच्या दाखल्यांवरून, जनगणनेच्या पानांवरून मी आईच्या आईच्या आईकडे जात राहिले. आडनावं बदलत होती, गावं बदलत होती, वापन जागच्या जागी. शेवटी ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेस बंदरात पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराची बायको सापडली. तिच्यापुढे जन्मस्थान लिहिलं होतं, हडसन बे. म्हणजे कॅनडा.

तिच्या थोरल्या मुलीचं मधलं नाव वापन. तिकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायची रीत. आपल्याकडेही नातीला आजीचं नाव ठेवतात, त्यामुळे हे मला समजायला वेळ लागला नाही. म्हणजे वापन ही या बाईची आई, कॅनडातली. आणि तिथे कागद संपले. कंपनीची माणसं तिथल्या बायकांशी तिथल्या रितीने संसार करायची. चर्च नाही, नोंद नाही.

ग्रॅहम म्हणाला, "सू, हडसन बेला शेकडो माणसं होती. सर्व्हेयरच कशावरून?"

मग मला सुचलं की सर्व्हेयर माणूस बायकोची नोंद चर्चमध्ये करणार नाही, पण त्याचा कागद वेगळा असतो. लंडनच्या एका रीडिंग रूममध्ये त्याच्या नकाशाची प्रत होती. मोठ्या तलावांना लॉर्डांची आणि डायरेक्टरांची नावं दिलेली. पगार तेच देणार. मी भिंगाने खालच्या बाजूला सरकत गेले. ज्या ठाण्यावर तो हिवाळ्यात राहायचा, त्याच्या शेजारी नखाएवढा एक तलाव. वापन.

माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण समोरचे गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले.

ग्रॅहम विरघळला नाही. म्हणाला, "तिथल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेत वापन म्हणजे पहाट. पहाट रोज होते. तलावाला ते नाव कोणीही देईल." मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. सर्व्हेयर परत येताना आपली एक मुलगी घेऊन स्ट्रॉमनेसला उतरला होता, एवढं तिथल्या इतिहासकारांना माहीत होतं. तिचं पुढे काय झालं, ते मात्र नाही. आम्ही सगळं जुळवून पाहिलं. वय जुळत होतं, बंदर जुळत होतं, तलाव जुळत होता.

"Proven लिहू नकोस," ग्रॅहम म्हणाला. "Probable लिही."

आमच्या रिपोर्टमध्ये तीन पायऱ्या असतात, सिद्ध, बहुधा आणि कदाचित. मधली पायरी घेऊन मी भीत भीत मिसेस हार्टकडे गेले. सोबत नकाशाची फोटोकॉपी होती.

त्यांनी तलावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी "बहुधा" म्हणजे काय ते समजावायला लागले, तशा म्हणाल्या, "हवामानवाले probable म्हणतात तेव्हा मी छत्री घेतेच." मग हळूच, "आई खोटं बोलत नव्हती."

केलीने नकाशा नीट बघितला म्हणे. फक्त विचारलं, "यात मासे असतील का?" इकडे जन्म नोंदवायला सहा आठवडे मिळतात. तिने ते जवळजवळ सगळे घेतले. मग मिसेस हार्टचं कार्ड आलं. ग्रेस वापन, वजन चांगलं, आवाज त्याहून चांगला. खाली सही होती, मॉड वापन हार्ट. पूर्ण.

विल्यमबद्दल त्यांनी तक्रार केली असती तर माझी नोकरी तेव्हाच गेली असती. पुढे ग्रॅहमकडून कळलं, त्या त्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "मुलगी मेहनती आहे. मला एक वडील जास्तीचे शोधून दिले." त्या एका वाक्यावर मी या धंद्यात टिकले. त्यांचे आभार मी मानले, पण पुरेसे मानले असं वाटत नाही.

त्याच आठवड्यात नागपूरला आईला फोन केला आणि तिच्या आईचं माहेरचं नाव विचारलं. आईला सांगता येईना. तिने मावशीला विचारलं, मावशीने अमरावतीच्या मामींना. रविवारी उत्तर आलं, चंद्रभागा. सासरी कोणी तिला त्या नावाने हाक मारली नव्हती. मी माझ्या वहीत लिहून ठेवलं, पुढे proven.

तेव्हापासून मी क्लायंटला पहिला प्रश्न विचारते, मधलं नाव कोणाचं? आणि दाखला हातात आल्याशिवाय काहीही लॅमिनेट करत नाही. विल्यम रिडली अजून आमच्याकडेच आहेत. दिवाळीला चकल्या घालताना तो चार्ट टेबलावर अंथरते. तेल पटकन पुसून निघतं.