फाशीवाल्याच्या बायकोला कुंकू

आमची आई फाशीची कट्टर कैवारी. बातम्यांत खुन्याचा चेहरा दिसला, की भाजी निवडता निवडता ती निकाल देऊन मोकळी व्हायची. मी तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते, अंगात नव्या विद्येची मस्ती होती. मी तिला ऐकवायचे, की पूर्वी खुनाला फाशी हाच नियम होता, जन्मठेप द्यायची तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागे. आता उलट आहे, फाशीसाठी खास कारण लिहावं लागतं.

"मंग लिहा ना कारण," आई म्हणायची. "हात दुखून राहिले का तुमचे?"

राज्य वेगळं होऊन रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आमच्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात, एका म्हाताऱ्या जोडप्याचा दागिन्यांसाठी खून झाला. खुनी आमच्याच गल्लीतला, सिलतऱ्याला कारखान्यात कामाला जाणारा. गेलेली आजी दर संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी हजर असायची. आईच्या तिळगुळाला नावं ठेवायची आणि जास्तीचे लाडू मागून न्यायची. सेशन्स कोर्टानं त्याला फाशी सुनावली, तेव्हा आई देवापुढे दिवा लावून रडली. गल्लीत पेढे वाटले गेले. मी पेढा घेतला नाही, आईनं खाल्ला.

अशी शिक्षा हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आधी ते प्रकरण जबलपूरला गेलं असतं, आता बिलासपूरला गेलं. तो जेलमध्ये वाट पाहत होता, आणि त्याची बायको गल्लीत, दार लावून.

संक्रांत आली. गोल बाजारातून वाणाच्या वाट्या आणून झाल्या, आणि आईनं मला त्या बाईकडे बोलावणं द्यायला पाठवलं. शेजारच्या काकू तिथेच बसल्या होत्या.

"वहिनी, तिले काहून बोलावता? ती आता विधवाच समजा."

आई कडाडली, "नवरा जिवंत आहे तिचा. सरकारनं अजून मारला नाही, तुम्ही कायले घाई करून राहिल्या?"

मी चपला घातल्या आणि बोलावणं द्यायला निघाले.

ती आली. दोघीजणी वाट्या उचलून निघूनही गेल्या. फार राग आला मला त्यांचा. आईनं तिला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला. मग ती आईच्या पाया पडायला वाकली.

त्या नमस्काराला आशीर्वाद ठरलेला असतो. अखंड सौभाग्यवती हो. म्हणजे तुझा नवरा जगो. दिवसभर आईच्या तोंडून तो सहज निघत होता, आता निघेना. ती बाईही उठेना. कपाळ आईच्या पावलांना टेकवून तशीच राहिली. काय मागणं चाललंय ते दोघींनाही कळत होतं.

"सौभाग्यवती हो," आई अखेर म्हणाली. थोडं थांबून हळूच 'अखंड' म्हणाली.

पुढे हायकोर्टानं त्याची फाशी जन्मठेपेवर आणली. त्याचा आणि आईच्या आशीर्वादाचा संबंध मी लावत नाही. पण त्या संध्याकाळी बायका गेल्यावर आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, आणि मला शहाणपण सुचलं.

"म्हणजे आता फाशी नको ना?"

"तसं म्हटलं का मी?" ती खेकसली. मग आवाज खाली आला. "वरवर नाही म्हटलं वो मी. मनापासून वाटलं, जगो तो."

मी तिच्याजवळ बसले. तिचे डोळे भरून आले होते.

"आजी असती ना, तर तिच्याही पाया पडली असती ही पोट्टी. अन् आजीनंही हेच म्हटलं असतं. तेच मले सहन होऊन नाही राहिलं."