दादांच्या मोटारीची काच

माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, जुनी मोटार नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या घरी उभी असते. मागच्या पावसाळ्यात तिच्या दारात पाणी शिरून पत्रा आतून गंजायला लागला, म्हणून काचेच्या कडेची तडकलेली रबरं मी स्वतःच बदलायला घेतली. दादा शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांचे हात आता थरथरतात, त्यामुळे त्यांना नुसतं बघत बसावं लागत होतं आणि त्याचंच मला दडपण आलं होतं. या गाडीची काच आता कुठेच मिळत नाही.

दाराचं आतलं पॅनल काढून मी जुनं रबर पकडीनं ओढलं, तशी काच निसटून धप्पकन दाराच्या तळाशी गेली. दादांकडे बघायचं धाडस होईना.

"काढ वर. फुटल्याचा आवाज न्हाई तो," ते म्हणाले.

दारात हात घालून मी काच हळूहळू वर आणली. खालचा कोपरा उडाला होता. मी सांगितलं, "दादा, कोपरा गेला."

त्यांनी वाकून त्यावर बोट फिरवलं. "ह्यो व्हय? ह्यो मीच उडवलाय. तू जन्माला बी नव्हती आली तवा. तुझ्या आईला अजून ठाऊक न्हाई."

मला हसू आलं. नगरहून आणलेलं नवं रबर बसवायला दुपार गेली. मग काचेवर बादलीभर पाणी ओतून पाहिलं. आत दोनच थेंब आले.

"तेवढं चालतंय," दादा म्हणाले.